दार घेऊन चाललेली बाई

परदेशी चित्रपट म्हणजे चुंबनं, असा आमच्या डोंबिवलीत पुष्कळांचा समज आहे. हे लोक परदेशी चित्रपट बघत नाहीत, भिंतीवरची त्याची जाहिरात बघतात आणि मान फिरवतात. मी गेल्या काही वर्षांत जे परदेशी चित्रपट पाहिले, त्यांत माणसं बहुतेक वेळ बटाटे सोलत असतात, ओले मोजे शेगडीपाशी वाळत घालतात आणि एकमेकांशी न बोलता जेवतात. क्वचित कुणी कुणाचं चुंबन घेतलंच तर ते इतकं दमलेलं असतं की त्यानं कुणी बिघडेल असं मला वाटत नाही.

माझ्या आवडीचे सांगते. स्वीडनच्या एका चित्रपटात पाव भाजणाऱ्या म्हाताऱ्याला वास येईनासा होतो. तो हे घरात सांगत नाही. भट्टीतला पाव तयार झाला की नाही, हे तो दुकानाबाहेर थांबलेल्या गिऱ्हाइकांच्या चेहऱ्यांवरून ओळखतो. एका जपानी चित्रपटात दोन बहिणी आईची रजई वाटून घ्यायला बसतात. चित्रपटभर त्या रजई उसवत असतात आणि भांडत असतात. तो बघून मी बाहेर आले तेव्हा आपल्याला जपानी येतं अशी माझी खात्री झाली होती. चर्नी रोडपर्यंत चालत येताना ती टिकली.

हे वेड मला कॉलेजात असताना लागलं. मुंबईत एकदा देशोदेशीच्या चित्रपटांचा मोठा मेळा भरला होता. वर्गातल्या एका मैत्रिणीच्या मामांना पास मिळाले होते आणि मामांना झोप प्रिय होती, म्हणून तिनं मला नेलं. त्यानंतर मी रविवार सकाळचे खेळ शोधू लागले. वकिलातींच्या वाचनालयांत बसून विचारू लागले की पुढचा चित्रपट कधी आहे. तिथली माणसं चहा देत. बहुधा एवढ्या लांबून येऊन एवढे प्रश्न विचारणारी मुलगी त्यांनी आधी पाहिली नव्हती.

पण चांगली गोष्ट एकटीनं चाखायची आणि गप्प बसायचं, हे आमच्या घरात चालत नाही. आमचं घर पत्रकांचं. बाबांचा कल्याणला छोटा छापखाना आहे. लग्नपत्रिका छापून जे सुटतं त्यातून ते पत्रकं छापतात: हुंडाबंदीवर, साक्षरतेवर, विहिरी सगळ्यांना खुल्या करा यावर, भाडेकरूंच्या हक्कांवर. मी अक्षरं शिकले ती ‘नागरिक हो!’ या शब्दांवरून. फडताळात खाली अंथरलेला कागदही पत्रकाचाच असे. डब्यातून पोहे काढताना ‘जागे व्हा’ वाचावं लागे. सोळाव्या वर्षापासून मीही पत्रकं लिहिते, आणि त्याची मला अजिबात लाज नाही. कुणीतरी लोकांना स्पष्ट सांगायला हवं.

तेव्हा मी ठरवलं की डोंबिवलीत महिन्यातून एकदा परदेशी चित्रपट झाला पाहिजे. सभागृह एकच होतं, आमच्या वाचनालयाचं. त्याचे अध्यक्ष निवृत्त हेडमास्तर. बाबांच्या पिढीतली निम्मी डोंबिवली त्यांच्या हाताखालून गेलेली, त्यामुळे लोक त्यांच्यासमोर आजही विडी विझवतात. मी त्यांच्या घरी गेले. ते ओसरीवर वर्तमानपत्र वाचत होते.

“लोक बसतील का गं?” त्यांनी विचारलं.

“बसतील, सर.”

“मागे ख्यालगायन ठेवलं होतं. शेवटी दोघे उरलो. एक मी, आणि दुसरे झोपले होते.”

“सर, चित्रपटात माणसं दिसतात. गोष्ट असते.”

“भाषा कुठली?”

“तिकडची. खाली इंग्रजी अक्षरं येतात.”

“म्हणजे आपल्या बायकांना समजणार नाही, आणि ज्यांना समजेल ते ऑफिसात दिवसभर इंग्रजीच वाचून आलेले असतात.” त्यांनी वर्तमानपत्राची घडी केली. “एक खेळ कर. लोक शेवटपर्यंत बसले तर दर महिन्याचा दुसरा रविवार तुझा. उठून गेले तर विषय संपला. मग माझ्याकडे निवेदनं घेऊन यायचं नाही. तुझ्या वडिलांनीही नाही.”

मी कबूल केलं. मला भीती वाटली नाही, असं म्हणणार नाही. वर्षानुवर्षं मी या गोष्टीचा विचार करत होते, आणि तिचा निकाल आता एका संध्याकाळी लागणार होता.

चित्रपट मी विचारपूर्वक निवडला. पूर्व युरोपातला, लढाईनंतरचा. एका विधवेचं घर बॉम्बनं पडतं, उरतं फक्त पुढचं दार. ती ते दार पाठीवर घेऊन नवं घर शोधत गावोगाव फिरते. हा चित्रपट मी वकिलातीत एकदा पाहिला होता आणि परत येताना ठाणं कधी गेलं ते मला कळलं नव्हतं.

घरी जेवताना प्रश्न निघाला की लोकांना गोष्ट समजवायची कशी. पडद्याशेजारी उभं राहून कुणी मोठ्यानं सांगत राहावं, ही सूचना मी फेटाळली. चित्रपट शांतपणे बघायचा असतो, याबद्दल मी कडक आहे.

“मग पत्रक काढू,” बाबा म्हणाले. त्यांचा चेहरा उजळला होता.

“उद्या आमटी खारट झाली तरी तुम्ही पत्रक काढाल,” आई म्हणाली.

“काढीन. मीठ कुणी टाकलं हे जनतेला कळायला हवं.”

“जनतेला वाढते कोण, तेही छापा.”

पत्रक मी लिहिलं, चार पानी. ‘बंधुभगिनींनो, या निरपराध स्त्रीचे घर कोणी पाडले? युद्धखोरांनी!’ अशी सुरुवात होती. पुढे पूर्ण कथा, आणि शेवटी: ‘अखेर ती आपले एकमेव दार समाजाला अर्पण करते.’ बाबांनी स्वतः अक्षरांचे खिळे जुळवले. प्रूफं नेहमीप्रमाणे घरी तपासली. आमच्याकडे प्रूफं तपासायची रीत अशी की आई मूळ लिखाण मोठ्यानं वाचते, स्वल्पविराम आणि उद्गारचिन्हांसकट, आणि बाबा छापलेल्यावर बोट ठेवून जातात. लग्न झाल्यापासून हे चालू आहे. आईच्या तोंडी ‘युद्धखोरांनी उद्गारचिन्ह’ हे शब्द भाजीचा भाव सांगितल्यासारखे येतात.

खेळाच्या रविवारी संध्याकाळी सभागृह भरलं. डावीकडे जाजमावर बायका, उजवीकडे बाकांवर पुरुष, ठाण्याहून यंत्र घेऊन आलेला ऑपरेटर मागे टेबलावर, आणि सर अगदी दाराजवळ खुर्ची टाकून बसलेले. कोण बाहेर जातं ते त्यांना तिथून नीट दिसणार होतं. आम्ही प्रत्येकाच्या हाती पत्रक दिलं. लोकांनी ते नम्रपणे घेतलं आणि गुडघ्यावर ठेवलं. घरात सगळ्यांनी वाचून, तपासून, मोजून, घडी घालून झालेल्या त्या पत्रकाबद्दल एक गोष्ट आमच्यातल्या एकाच्याही ध्यानात आली नव्हती. ती दिवे मालवल्याबरोबर आली.

पडद्यावर बर्फ पडू लागलं. मग खाली इंग्रजी अक्षरं आली. अंधारात सगळीकडे कागद सळसळले.

“अगं, वाचायचं कसं?” जाजमावरून आवाज आला.

“दिवा लावा की कुणीतरी.”

“दिवा लावला तर सिनेमा कसा दिसेल?”

“आणि नाही लावला तर कागद कसा दिसेल?”

एकानं खिशातली बॅटरी काढली. मग दुसऱ्यानं. प्रकाशाचे गोळे पत्रकांवरून निसटून पडद्यावर जाऊ लागले, आणि त्या विधवेच्या तोंडावर डोंबिवलीचा उजेड पडला.

“बॅटऱ्या बंद करा!” ऑपरेटर ओरडला. “पडदा पांढरा होतोय! मग पैसे परत मागायला माझ्याकडे येऊ नका!”

“पैसे घेतलेच कुठं तुम्ही,” कुणीतरी म्हणालं, आणि हशा झाला. बॅटऱ्या विझल्या.

मग बायकांनी आपली सोय आपण केली. पुढच्या रांगेत शाळेतल्या एक बाई होत्या. त्या अक्षरं वाचून मागच्या रांगेला मराठीत सांगत, ती रांग तिच्या मागच्या रांगेला. प्रत्येक रांग आपल्या पदरची भर घाली. पडद्यावर विधवा म्हणाली, ‘माझं घर नाही.’ शेवटच्या रांगेत पोचेपर्यंत ते ‘सासरच्यांनी काढलं असेल’ असं झालं होतं. शांतपणे चित्रपट बघायच्या माझ्या तत्त्वाचं तिथंच पाणी झालं. पण लोक बघत होते, हे मी नाकारणार नाही.

“चौकट नाही, मग नुसतं दार घेऊन काय करणार ही?”

“सागवानी असेल.”

“तिकडे कुठला साग! देवदार असेल.”

“मग विकून टाकावं. खायला नाही तर.”

“तू विकशील का गं तुझं?”

“माझं कुठलं? घरमालकाचं आहे.”

पहिलं रीळ संपलं. यंत्र एकच, त्यामुळे रीळ बदलायला दिवे लावावे लागले. दिवे लागताच सगळ्या सभागृहानं पत्रक उघडलं. एवढ्या एकदिलानं आमचं पत्रक यापूर्वी कधी वाचलं गेलं नव्हतं. मला क्षणभर आनंद झाला. आणि मग बाकांवरून एक गृहस्थ उभे राहिले. सेक्रेटरिएटमध्ये कारकून होते ते, वाचनाला सरावलेले; सगळ्यांच्या आधी त्यांचं चौथं पान झालं होतं.

“अहो, शेवट दिलाय की इथं. दार देऊन टाकते. झालं तर.” त्यांनी पत्रकाची घडी खिशात ठेवली. “चला, नळाला पाणी यायची वेळ झाली.”

“खरंच की,” शेजारचे म्हणाले. “कळलं आता.”

त्यांच्यामागे आणखी काहीजण उठले. बाकांवरची आख्खी रांग सरकू लागली. दाराशी सरांनी पाय आवरून वाट करून दिली आणि माझ्याकडे बघितलं. रागानं नाही. ख्यालगायनाच्या वेळी त्यांनी जसं बघितलं असेल तसं. मी पडद्यापाशी उभी होते. लोकांना थांबा म्हणायला माझ्याजवळ शब्द नव्हते. जे होते ते सगळे त्यांच्या खिशात होते.

तेवढ्यात जाजमावरून आईचा आवाज आला.

“अहो, बसा जरा. पत्रकात चूक आहे.”

कारकून दारात थबकले. “चूक? कसली?”

“शेवट चुकलाय. प्रूफं मीच वाचली, मला विचारा.”

बाबा ताडकन उठले. त्यांच्या छापखान्यात अनुस्वार राहिला तरी ते शुद्धिपत्र छापतात. “अगं, चूक कसली? मी स्वतः ओळ न् ओळ—”

“तुम्ही बसा.”

सभागृह हसलं. बाबा बसले. मी त्यांना सभेत कुणाच्या सांगण्यावरून बसलेलं पहिल्यांदाच पाहिलं.

“मग खरा शेवट काय?” कारकुनांनी विचारलं.

“तो सांगितला तर तुम्ही पाणी भरायला जाल की,” आई म्हणाली.

ते परत येऊन बसले. त्यांच्यामागचेही बसले. ऑपरेटरनं दिवे मालवले.

अंधारात माझ्या जिवाचा संताप झाला. आई चक्क खोटं बोलली होती. शेवट चुकला नव्हता. मी तो माझ्या डोळ्यांनी पाहून लिहिला होता. आमच्या घरात खोट्याला जागा नाही. बाबांनी एका उमेदवाराचं भरपूर पैशांचं काम एका खोट्या ओळीसाठी परत केलं होतं. आणि इथं मला हवं असलेलं सभागृह मला एका थापेवर मिळू पाहत होतं. मी उठून सांगायला हवं होतं. पण तेव्हा पडद्यावर ती बाई दार घेऊन पूल ओलांडत होती, आणि सभागृहात कुणीच बोलत नव्हतं. रांगांमधली कुजबुजसुद्धा थांबली होती. सगळे चूक शोधत होते. दार घेऊन ती वळली की माना वळत. ती थांबली की लोक पुढे वाकत. मुंबईतल्या मेळ्यात मोठमोठे समीक्षक मी पाहिले, पण एवढं डोळ्यांत तेल घालून बघणारा प्रेक्षक मला तिथं दिसला नव्हता.

शेवट असा आहे. बर्फात ती एका गावात येते. तिथं एका गोठ्यात शाळा भरते. मुलं गुडघ्यांवर वही ठेवून लिहितात. दुसऱ्या दिवशी सकाळी, शाळा भरायच्या आधी, ती एकटी गोठ्यात येते. दार जमिनीवर ठेवते. सुरीच्या टोकानं त्याची कडी काढते आणि कोटाच्या खिशात टाकते. मग दार दोन पिंपांवर आडवं ठेवते. मुलं येतात, त्याच्याभोवती बसतात, एकाच्या हातून शाई सांडते. ती बघते आणि निघते. रस्त्यावर लांब जाताना तिचा एक हात खिशातच असतो.

दिवे लागले. लगेच कुणी उठलं नाही.

“पण पत्रकात तेच तर आहे,” कारकून हळूच म्हणाले. “दार दिलंच की शेवटी.”

“दिलं कुठं?” जाजमावरच्या एक आजी म्हणाल्या. “कडी ठेवली तिनं.”

“कडीचं काय एवढं?”

“कडी काढल्यावर ते दार राहतं होय? फळी झाली ती. फळी दिली तिनं.”

“म्हणजे दार तिच्याकडेच आहे?”

“मग! खिशात आहे.”

कारकुनांनी खिशातलं पत्रक काढलं आणि शेवटचं पान पुन्हा वाचलं. “यात कडी नाहीच,” ते म्हणाले. “वहिनींचं बरोबर होतं. चूकच आहे.”

लोक दाराशी चपला शोधत अजून त्यावर बोलत होते तेव्हा सर माझ्याजवळ आले. मी त्यांना बोलू दिलं नाही.

“सर, चूक नव्हती. लोक बसावेत म्हणून आईनं तसं सांगितलं. तुमची अट खरेपणानं पाळली गेली नाही असं वाटत असेल तर सभागृह देऊ नका. मी निवेदन घेऊन येणार नाही.”

“कडी काढते ते तू आधी पाहिलं होतंस?”

“पाहिलं होतं.”

“मग लिहिलं का नाहीस?”

“पत्रकात कडीला काय जागा, सर? विषय युद्धाचा होता.”

आई बायकांबरोबर जाजम गुंडाळत होती, सर तिच्याकडे वळले.

“वहिनी, तुम्ही हा चित्रपट आधी पाहिला होतात?”

“मी कुठली पाहते?”

“मग शेवट चुकलाय हे कळलं कसं?”

आईनं जाजमाचं टोक खाली ठेवलं. “लग्न झाल्यापासून या घरची पत्रकं वाचतेय मी. त्यांतल्या बायका नेहमी सगळं देऊन टाकतात. एकही बाई कधी स्वतःजवळ काही ठेवत नाही. म्हटलं, तिकडची असली तरी बाईच आहे. काहीतरी ठेवलंच असेल तिनं.”

बाबा मागे उभे होते. त्यांनी हे ऐकलं. त्यांनी जाजमाचं दुसरं टोक उचललं.

“दुसरा रविवार,” सर मला म्हणाले. “सभागृह तुझं. पत्रक मात्र आधी वाटायचं नाही. खेळ संपल्यावर.”

आता बाबांना बोलावंच लागलं. “सर, मतदान झाल्यावर कुणी प्रचारपत्रक वाटतं का?”

“वाटून बघा.”

घरी येताना मी आईशी बोलत नव्हते. तिला त्याचं फारसं काही वाटत नव्हतं. ती शेजारच्या काकूंना सांगत होती की ती पिंपं पाण्याची असावीत, तेलाची असती तर दार घसरलं असतं. खोटं ते खोटं, हे माझं मत आजही कायम आहे, आणि मी तिला ते सांगितलं आहे. ती म्हणते, तू तुझं मत छाप, मी प्रूफ वाचीन.

तेव्हापासून दुसरा रविवार आमचा आहे. फ्रेंच झाले, रशियन झाले, एक मेक्सिकोचा झाला त्यात लोक कोंबड्यांसाठीही हळहळले. बायकांची रांगेरांगेनं सांगायची पद्धत चालू आहे. मी ती बंद करायचा प्रयत्न केला आणि माझाच आवाज सगळ्यांत मोठा झाला म्हणून मला गप्प बसवलं गेलं. पत्रक मी अजूनही लिहिते, अजूनही आवेशानं लिहिते, फक्त ते लोकांच्या हाती बाहेर पडताना जातं. आणि लोक ते घरी नेत नाहीत. वाचनालयाच्या पायऱ्यांवर, दिव्याखाली, तिथंच उभं राहून वाचतात आणि नापसंती कळवतात.

गेल्या खेळाला डेन्मार्कचा चित्रपट होता, जहाजावरच्या एका स्वयंपाक्याचा. अर्ध्या प्रवासात तो एका लहानशा बंदरावर उतरून जातो आणि परत येत नाही. मी लिहिलं होतं की त्यानं कप्तानाच्या जुलमाविरुद्ध काम टाकलं. पायऱ्या उतरते न उतरते तोच एक बाई पत्रक नाचवत आल्या. माझ्या वयाच्याच असतील, टेलिफोनमध्ये कामाला.

“काय हो, कुठला जुलूम? कप्तान तर त्याच्याशी धड बोललासुद्धा नाही.”

“तोच जुलूम.”

“काहीतरीच. रोज तोच रस्सा ढवळून कंटाळला होता तो. दुसऱ्यांदा मीठ टाकताना त्याचं तोंड पाहिलंत का?”

“कंटाळा आणला कुणी? कप्तानानंच ना? कंटाळा हासुद्धा जुलूमच आहे.”

“मग तसं लिहायचं होतं!”

“तसंच लिहिलंय!”

“दाखवा कुठं ते.”

तिथं दिवा अंधुक होता, म्हणून आम्ही पुढच्या दिव्याखाली गेलो, आणि तिथून त्याच्या पुढच्या. अशा भांडत भांडत आम्ही दोघी स्टेशनपर्यंत पोचलो. माझं घर उलट्या दिशेला आहे.